आत बसलेलीच्या हस्ताक्षरात

सर्वांत खालचा मजला. दिवे पिवळे.

दादा,

पहिली गोष्ट, मी तुझ्यावर अजून रागावलेलीच आहे. पत्र आलं म्हणून हुरळून जाऊ नकोस. काम पडलं म्हणून लिहितेय, आणि काम असं आहे की ते आपल्या सबंध खानदानात तुझ्याशिवाय कोणाला विचारायची सोय नाही.

दुसरी गोष्ट, हे अक्षर माझं नाही. मला कुठलं आलंय लिहा-वाचायला! मी बिजागरी करकरवून सांगतेय आणि लिहून घेणारी माझ्या तोंडात बसलीय. तोंडात म्हणजे तोंडातच. झाकण लावलेलं, कडी घातलेली, आणि आत ही बाई गुडघे पोटाशी घेऊन बसलीय. एका हातात उजेडाचा खडा, दुसऱ्या हातात टाक, मांडीवर कागद. माणूस आहे. जिवंत आहे. तिला घाम फुटलाय आणि तो माझ्या जिभेवर ठिबकतोय.

ती विचारते, "खानदान म्हणजे तुम्ही नक्की कोण?" म्हटलं, लिही. आम्ही पेट्या. लाकडाच्या दिसतो, लाकडाच्या नाही. भुयारात कोपरा धरून बसतो, झाकण थोडं उघडं टाकतो, आत काहीतरी चकाकतं ठेवतो आणि जो हात घालील त्याला खातो. यात लाजायचं काय? आपला धंदा तो.

तर झालं असं. वरून वीरांची टोळी उतरली. चिलखतं, ढाली, कमरेला औषधाच्या बाटल्या, गळ्यात संघाचे बिल्ले, कोण कितव्या पायरीचा वीर ते मिरवायला. मी आपली तयारीत बसले होते. तेवढ्यात विंचूकाकू आल्या. आठवतात ना? आता त्या सगळा बोळ भरेल एवढ्या झाल्यात आणि तोंड होतं तसंच आहे. वीरांची गाळण उडाली. सगळे दोरावरून सरसर वर गेले आणि दोर ओढून घेतला. ही खाली राहिली. ही वीर नाही, हिला बिल्लाही नाही. ही त्यांची नकाशेवाली.

आणि दादा, ही बाई धावत आली, माझ्यात उडी मारली आणि आतून हात वर करून माझं झाकण स्वतः ओढून घेतलं!

मी अशी चक्रावले की चावायचंच राहून गेलं. माझ्यात लोकांनी हात घातलेत, तलवारी खुपसल्यात, एकानं तर पेटती मशाल घातली होती. पण आत येऊन, कडी लावून, घरात बसल्यासारखं कोणी बसलं नव्हतं. आणि वर माझ्या फळीला गाल टेकून म्हणते, "आता तूच गं बाई."

माझ्याकडे आजवर कोणी काही मागितलं नव्हतं. घेऊन जायला आले सगळे. मी काय करणार होते, सांग ना.

आता मुद्द्याचं. तोंडात घेतलेलं परत द्यायचं नाही हा आपला कायदा, तो तू मोडलास, त्या पोरीला सोडून दिलंस, म्हणून मामांनी तुला दाराबाहेर काढलं, हे सगळं मला पाठ आहे. कायद्याचं माझं मी बघते. तू मला लाळेचं सांग. ती पोर तुझ्या तोंडात होती तेव्हा तू लाळ कशी आवरलीस? कारण माझी आवरत नाहीये. हिच्या बुटांचे तळ मऊ पडायला लागलेत.

इथं हिचा हात थांबला. म्हटलं लिही, तुझ्यापासून लपवून करू काय, तू तर आतच बसली आहेस.

हिला वर न्यायचं तर दोर गेला, म्हणजे वाट एकच. मामांचं दार, म्हणजे दार झालेले आपले मामाच. आणि तेही दिवे विझायच्या आत. तू बाहेर राहून विसरला असशील म्हणून सांगते. दिवे पिवळ्याचे हिरवे होतात, हिरव्याचे निळे, आणि विझले की भुयार फिरतं. भिंती सरकतात आणि बाहेरचं जे कोणी आत उरलं असेल ते पुसलं जातं. हाडसुद्धा राहत नाही. हिला हे मी सांगितलं तेव्हा ही म्हणाली, "म्हणून माझे नकाशे दर वेळी चुकतात होय!" जीव जायची वेळ आलीय आणि बाईला नकाशांची पडलीय.

पत्र उलट्याबरोबर पाठवतेय. तोच तो, छताला लोंबकळणारं वटवाघूळ. लवकर उत्तर दे. राग आहेच, पण लवकर दे.

धाकटी

जिन्याखाली. दिवे पिवळे, कडेला हिरवट.

दादा,

उत्तर मिळालं. हिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. तू लिहायला-वाचायला कधी शिकलास? हिला विचारलं, अक्षर कसं आहे, तर म्हणते सुरेख आहे, एका रेषेत आहे. म्हणजे मजेत आहेस.

तुझा उपाय ऐकून माझी कडीच निसटली. स्वतःची फळी खायची? लाळेला काहीतरी हवंच असतं, मग तिला तळाची आतली फळी द्यायची, हळूहळू कुरतडायची, म्हणजे ती माणसाकडे वळत नाही! दादा, तू हे केलंस? आणि आम्हाला वाटलं, तुला भूकच नव्हती. मामा तर सगळ्यांदेखत म्हणाले होते की याला दातच नाहीत. तू एक अक्षर बोलला नाहीस. बोलायला काय झालं होतं रे तुला?

असो. मी सुरुवात केली आहे. चव घाण आहे. दुखतं किती ते हिच्यासमोर सांगत नाही.

आता हीच म्हणते, "सांगा, मी लिहिते." नको. पुढं लिही.

चालायला लागलोय. तुला माहीतच आहे, आपले पाय म्हणजे नावाला पाय. चार बुटके खुंट. रिकामी असताना मी जिना कसाबसा चढते, आता आत बाई आणि तळ कुरतडलेला. प्रत्येक पायरीला आधी पुढचे दोन, मग दम, मग मागचे दोन. ही आतून म्हणत असते, "आता डावीकडे सरका, इथं पायरी तुटकी आहे." फटीतून बघते आणि सांगते. खरं सांगू, हिचं लक्ष चांगलं आहे. कुठल्या भिंतीला ओल आहे, कुठला दगड हलतो, सगळं टिपत असते. आणि सारखी बोलते. भीती वाटली की जास्तच बोलते. मला म्हणते पेटीताई. मी म्हटलं ताई कुठली, तू माझ्याहून मोठी असशील. तर म्हणते, "तुम्ही मला खाऊ शकता, म्हणजे तुम्हीच मोठ्या."

तू दुकानाबद्दल लिहिलंस ते मी दोनदा वाचायला लावलं. जिला तोंडातून सोडलंस तीच मोठी होऊन बाइंडिंगवाली झाली आणि तिच्याच दुकानात तू कपाट होऊन उभा आहेस! सरसाचा वास, पुठ्ठ्यांच्या कडा, शिवायचे दोरे, पोटात कोरे ताव रचलेले. ती जेवायला बसली की तुझ्या दाराला पाठ टेकून बसते म्हणे. आणि तू तिला कधी चावलं नाहीस. छान. फारच छान.

आणि आईचं एका शब्दानं विचारलं नाहीस. मीच सांगते. तू गेलास त्या दिवशी तिनं झाकण लावलं ते लावलंच. मी ठोठावलं, ओरडले, बिजागऱ्यांना तेल घातलं. आता वीर येतात, तिच्यावर बसून जेवतात, सामान ठेवतात. ती नुसती पेटी झाली आहे. तू बाहेर ताव सांभाळत होतास तेव्हा मी तिच्या शेजारी होते. हे तुला कळायला हवं म्हणून लिहितेय.

तू म्हणतोस, हिला घेऊन तूही बाहेर ये, माझ्या शेजारी भिंतीपाशी जागा करून ठेवतो. बघू. आधी मामांचं दार येऊ दे.

ते कसं ओलांडायचं, ते मला अजून सुचलेलं नाही. दाराशी प्रत्येकाला झाकण उघडून तोंड दाखवावं लागतं आणि मामा चाचपून बघतात. तुला काही सुचत असेल तर कळव.

धाकटी

मधला मजला. दिवे हिरवे.

दादा,

 आत्ताच विंचूकाकू गेल्या.

मी बोळ ओलांडत होते आणि त्या वळणावर बसलेल्या. सबंध वाट अडवून. मी जागच्या जागी खुंट दुमडले आणि गप बसले, जशी काय मी तिथलीच. पण त्या काय नवख्या आहेत? नांगीनं माझ्या झाकणावर टकटक केली.

"काय गं, कोपरा सोडून कुठं निघालीस?"

"मामांना भेटायला, काकू. बरेच दिवस गेले नाही."

"हं. आणि ती नकाशेवाली कुठं गेली? माझ्या डोळ्यांदेखत तुझ्या कोपऱ्याकडे पळाली होती."

"खाल्ली."

"एकटीनंच?"

बघ, दादा, काकूंना माणूस मारायला आवडतो, पण त्याहून जास्त वाटा मागायला आवडतो. त्यांनी नांगीचं टोक माझ्या फटीत घातलं. आत! ही आत अंग चोरून बसली होती आणि टोक हिच्या नाकासमोर. काकू म्हणाल्या, "वास तर ताज्या माणसाचा येतोय. तोंड उघड बघू, काही उरलं असेल तर."

मी म्हटलं, "काकू, आत्ता गिळलीय, उघडलं तर उलटी होईल. तुमच्याच अंगावर." तरी टोक हलेना. मग मला कळलं की ढेकर द्यायला हवा. पोट भरलेली पेटी ढेकर देते, हे त्यांना ठाऊक आहे. पण माझं पोट रिकामं, उलट कुरतडलेलं, ढेकर आणू कुठून? आणि तेवढ्यात आतून असा काही ढेकर आला म्हणतोस! हिनं दिला. एवढीशी बाई, पण ढेकर असा की माझी कडी वाजली.

काकूंनी टोक झटक्यात काढलं. "शी! काही रीत आहे का नाही!" म्हणाल्या आणि कुरकुरत निघून गेल्या. पण जाताना माझ्याभोवती एक फेरी मारली. त्यांचा पूर्ण विश्वास बसलेला नाही. मागे येतील.

आम्ही दोघी किती वेळ हसलो. आतल्या आत, आवाज न करता. आणि हसता हसता माझ्या तोंडाला पाणी सुटलं, दादा. खरंखुरं. हिचे बूट आता तळाशी उरलेले नाहीत, वरची नुसती चामडी राहिली आहे. हिच्याकडे जखमेच्या औषधाची एकच बाटली होती, ती हिनं तळपायांवर ओतली. ओरडली नाही. ओठ चावला, ते मला जिभेवर कळलं.

म्हणून एक विचारायचंय, आणि हिच्याच हातून विचारावं लागतंय. माझ्यानं नाहीच धरवलं, तर हिला कळायच्या आत संपेल असं काही करता येतं का? तुला माहीत असलं तर सांग. हिनं हे लिहिलं बघ. पूर्ण लिहिलं. मी विचारलं, चुकवलं नाहीस ना? तर म्हणते नाही.

पहिली फळी संपली. दुसरीला लागलेय.

धाकटी

दाराच्या अलीकडे. दिवे निळे.

पेटीताईंचे दादा यांस,

हे त्यांनी सांगितलेलं नाही. मी माझ्या मनानं लिहितेय. त्यांची बिजागरी बराच वेळ बोललेली नाही. खुंट मात्र चालतायत, एक, मग पुष्कळ वेळानं दुसरा. उलटा फटीशी येऊन बसलाय, म्हणून घाईनं लिहिते.

तुमच्या मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की मला कळायच्या आत संपेल असं काही नसतं. ते मी त्यांना वाचून दाखवलं नाही. "दादा म्हणतात, तुझ्यानं होईल," असं वाचलं. मला माफ करा.

तळाची दुसरी फळीही जवळजवळ गेली आहे. मला खालची जमीन दिसते. मी त्यांना म्हटलं, मी बाहेर पडून तुमच्या बरोबरीनं चालते, तुमचं ओझं तरी कमी होईल. त्या कडी काढत नाहीत. काकू मागे आहेत म्हणतात. खरंच आहेत, नांगीचा आवाज येतो. मग मी आतून दोन्ही कडांवर हात रोवून माझं वजन थोडं उचलून धरते. हात फार दुखतात. त्यांना सांगितलेलं नाही, त्यांनी मला सांगितलेलं नाही तसंच.

मी त्यांच्यात उडी मारली तेव्हा त्या पेटी आहेत असंच मला वाटलं होतं. साधी पेटी. दुसऱ्या श्वासाला जीभ लागली तेव्हा कळलं. तोपर्यंत मी म्हणून बसले होते, आता तूच गं बाई. मग शब्द कसा मागे घेणार?

मला फार भीती वाटते आहे. दारापाशी काय करायचं ते दोघींनाही माहीत नाही. दिवे मिणमिणायला लागलेत.

नकाशेवाली

उंबऱ्यावर. दिवे विझत आलेले.

दादा,

हे पत्र उलट्यानं आणलेलं नाही. आणणारी तुझ्यासमोर उभी आहे. आधी पत्र पूर्ण वाच, मग तिच्याकडे बघ.

घाई आहे. मामांनी दार उघडं धरलंय आणि ते सारखे म्हणतायत, "आटप." ही उंबऱ्यावर बसून लिहितेय, पहिल्यांदाच माझ्या बाहेर. किती मोठी आहे रे ही! आत मावली कशी?

मी पोचले तेव्हा माझ्यात बोलायचंही त्राण नव्हतं. काकू बोळाच्या तोंडाशी येऊन बसल्या होत्या, मामांसमोर त्या पुढं येत नाहीत एवढंच. मामा तसेच आहेत, अवाढव्य, काळे, खिळ्या-खिळ्यांचे. दिसत त्यांना कधीच नव्हतं, सगळं उंबऱ्यानं कळतं. म्हणाले, "धाकटी का? पाऊल हलकं लागतंय. तळ कुठं गेला तुझा? तोंड दाखव."

मी झाकण उघडलं. दुसरा इलाज नव्हता. वाटलं, आता उंबरा आत येणार, हिला लागणार आणि माझ्यादेखत मामा हिला गिळणार. तसं होण्याआधी मीच मिटावं का, असंही मनात आलं. आलं, दादा. तोंड उघडं होतं, ही मध्यभागी होती, आणि मला इतकी भूक लागली होती की दुसरं काही सुचत नव्हतं.

तेवढ्यात हिचे पाय पोळले आणि ही उडी मारून बाहेर पडली. थेट उंबऱ्यावर. चारी हातापायांवर, ओलीचिंब, माझ्या लाळेनं माखलेली, आणि तोंडानं कळवळून ओरडत.

मामा म्हणाले, "काय आलं हे?"

मी जीभ आत ओढून घेतली. 

"तुझ्यातून आलं," मामा म्हणाले. "जिवंत आलं. रडतंय." आणि त्यांचा आवाज एकदम फिरला. "तुला दिवस होते, आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही?"

दादा, मी बघतच राहिले. मग उमगलं. आपल्यात आत गेलेलं कधी बाहेर येत नाही. पेटीतून जिवंत, ओलं, रडतं असं बाहेर येतं ते एकच. तू असाच आलास आईतून, मी तशीच आले. मामांना दुसरं काही सुचणारच कसं? तुझ्या वेळी मामांनी विचारलं होतं, कोण हे? आणि तू आपला खरं सांगून मोकळा झालास, माणसाची पोर आहे, सोडून देतोय. मी पण सांगणार होते बहुतेक. जीभ उचलली होती.

म्हटलं, "मुलगी आहे, मामा."

मामांनी उंबरा हळूच वर उचलला आणि हिला चाचपलं. डोकं, पाठ, हात. ही अंग आकसून, डोळे मिटून.

"थोराड आहे," मामा म्हणाले.

"हो, जरा."

"पायात बूट आहेत हिच्या."

दिवे त्या क्षणी असे काही फडफडले की मला वाटलं, संपलं. मागे काकू दोन पावलं पुढं सरकल्या.  मी म्हटलं, "हल्लीच्या पोरी, मामा."

 मग मामांनी विचारलं, "बुटांना तळ का नाहीत?"

"माझीच लाळ, मामा. आवरली नाही."

"आणि तुझा तळ?"

"तोही मीच खाल्ला."

त्यांचे सगळे खिळे कुरकुरले. मला वाटलं, चिडले. चिडले नव्हते. अगदी हळू, काकूंना ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाले, "तुझ्या दादाला 'माझी पोर' एवढं बोलायला सुचलं असतं, तर मला त्याच्यावर दार लावावं लागलं नसतं. मी वाट बघत होतो त्या दिवशी. खोटा का होईना, असा एक शब्द बोलला असता."

दादा, त्यांना सगळं कळलं होतं. आज कळलं होतं आणि तेव्हाही कळलं होतं.

मग मोठ्यानं, काकूंसाठी, म्हणाले, "पोरीला नात्यानं हाक मारता येते का?" मी काही शिकवलं नव्हतं. पण ही सगळा वेळ आत बसून आपल्या घरचंच ऐकत होती ना. डोळे न उघडता म्हणाली, "मामाआजोबा, वाट द्या."

आणि मामा उघडले. अख्खे. मी त्यांना असं उघडलेलं कधी पाहिलं नव्हतं. बाहेर सकाळ आहे. समोर एक रस्ता आहे, एक बाई बादलीतून पाणी घेऊन पायरी धुतेय, तिनं आमच्याकडे पाहिलं आणि पुन्हा धुवायला लागली. एवढंच दिसतं इथून. मला ते फार आवडलं.

मी यायची नाही. मामा म्हणाले, बाळंतीण उंबरा ओलांडत नाही, आणि काकू ऐकतायत. खोटं बोलले ते निभवायला हवं, नाहीतर काकू सगळ्या मजल्यांवर बोभाटा करतील आणि मामांचं दार कोणी मानणार नाही. मी मामांच्या आडोशाला राहीन. इथं मला कोणी हात लावत नाही. फळी भरून येते सावकाश, तुझी आली तशी. आईला वर आणवते, मामा हो म्हणालेत. तिला सांगेन की तू खाल्लं नाहीस ते भूक नव्हती म्हणून नाही. ऐकू जातं का तिला, माहीत नाही, पण सांगेन.

तू भिंतीपाशी माझ्यासाठी केलेली जागा हिला दे. हिला कोणी नाही, दादा. भाड्याची खोली आहे आणि खोलीत कोणी नाही. टोळीतल्या एकानंही वर जाऊन हिच्या नावानं हाक मारली नसेल. हे ती स्वतः तुला सांगायची नाही, म्हणून मी सांगतेय, आणि आत्ता लिहितेयही तीच, बघ, हात थांबला. लिही म्हटलं. लिही गं.

तिच्या पायांना औषध लाव. ती फार बोलते, बोलू दे.

आणि एक. मामांसमोर मी "मुलगी" म्हटलं ना, ते तोंडातून निघालं आणि लाळ आटली. एकदम. ही आत्ता माझ्या कडेला टेकून लिहितेय, हाताच्या अंतरावर, आणि मला भूक लागलेली आहे, पण हिची नाही. मी खोटं बोलले असं मला आता वाटत नाही.

तुझ्यावरचा राग थोडा उरलाय. तो राहू दे माझ्याकडे.

मामा म्हणतात, बस झालं. आता पत्र खाली ठेव आणि तिच्याकडे बघ. ती तुला मामा म्हणेल. आपल्यात भाचीनं हाक मारली की मामानं काय करायचं असतं ते तुला ठाऊक आहे, कपाट झालास म्हणून त्यातून सुटत नाहीस. ते कोरे ताव बाजूला कर आणि दोन्ही दारं उघड.

धाकटी